"प्रशिक्षणाने पोट भरत नाही" : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तरुण उद्योजकांच्या प्रशिक्षणावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "चार दिवस भाषणं, मग प्रमाणपत्र, फोटो आणि शेवटी पोराच्या डोक्यावर कर्ज. प्रशिक्षणाने पोट भरत नाही, सोलापूरला मोठा कारखाना हवा." वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते आणि तुम्ही स्वतः सुताच्या व्यापारात, हेही लिहिलंत. म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

मोठा कारखाना आला तर मलाही आनंदच आहे. पण 1877 ची जुनी मिल 1963 मध्ये बंद पडली, पुढे लक्ष्मी-विष्णूही गेली. तरी शहर तगलं ते पूर्व भागातल्या यंत्रमागांवर, चादरी-टॉवेलवर, युनिफॉर्मच्या शिलाईवर आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या कष्टांवर. कसब इथल्या पोरांना घरातच मिळतं. हिशेब मात्र कुणी शिकवत नाही.

आमच्या एका वर्गात शाळेच्या शर्टाचा खर्च मांडायला सांगितला. एका मुलाने कापड, शिलाई, काजं-बटणं, इस्त्री, पॅकिंग सगळं लिहिलं. गाळ्याचं भाडं, कटिंगमध्ये वाया जाणारं कापड, स्वतःची मजुरी, यातलं काहीच नाही. जूनला दिलेल्या मालाचे पैसे दिवाळीपर्यंत अडकतात, त्याचं व्याज तर वर्गात कुणीच धरलं नव्हतं. ते धरल्यावर तो घेत होता तो भाव चक्क तोट्याचा निघाला. पुढच्या ऑर्डरला त्याने भाव वाढवून सांगितला. एक गिऱ्हाईक तुटलं, बाकीची टिकली. शिलाईला त्याच्या गल्लीतल्याच बायका येतात. त्यांची मजुरी त्या टिकलेल्या गिऱ्हाइकांवर चालते.

कर्ज तर पोरं प्रशिक्षणाशिवायही काढतातच. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातलं अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, हे अनेकांना हप्ते सुरू झाल्यावर कळतं. लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने, उद्योग म्हणून नोंदणी असलेल्या लहान कारखानदाराचे पैसे माल घेणाऱ्याला जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

प्रमाणपत्रं वाटून मोकळे होणारे वर्ग बंद व्हावेत, हे तुमचं म्हणणं मात्र मला शंभर टक्के पटतं. खरी गरज कर्ज मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात असते. तेव्हा दर महिन्याला वही तपासणारं जाणतं माणूस पाहिजे. सूत कधी घ्यावं, उधारी कुठे थांबवावी, हे तुमच्याइतकं मला सांगता येणार नाही. महिन्यातला एखादा रविवार या मुलांसाठी द्याल का?