क्रॅश रिपोर्ट पाठवू नका म्हणणाऱ्यांना उत्तर

"प्रोग्राम अचानक बंद पडल्यावर 'रिपोर्ट पाठवा' असे विचारले, तर कधीही होकार देऊ नका. त्यातून पासवर्ड आणि ओटीपी कंपनीकडे जातात, ते रिपोर्ट कोणी वाचत नाही, आणि तुमचा नेटपॅक मात्र संपतो," असा मजकूर सध्या गोव्यातील व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. साखळीच्या माझ्या मामांनी तो भजनी मंडळाच्या गटावर वाचला आणि मंडळाचा जमाखर्च लिहिताना वारंवार बंद पडणाऱ्या प्रोग्रामचे रिपोर्ट पाठवणे थांबवले. बिघाड तसाच राहिला. तो कळवण्याची वाट तेवढी बंद झाली.

'कोणी वाचत नाही' हे विधान सर्वांत निराधार आहे. प्रत्येक रिपोर्ट माणूस उघडत नाही हे खरे, पण त्याची गरजही नसते. प्रोग्राम कोणत्या फंक्शनपाशी (म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या तुकड्यापाशी) थांबला, त्याआधी कोणती फंक्शने चालली, आवृत्ती आणि पडद्यावर चित्र उमटवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर कोणता, ही माहिती रिपोर्टमध्ये असते. तिच्या आधारे एकाच जागी झालेले बिघाड एकत्र केले जातात आणि मोठे गट आधी हाती घेतले जातात. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात म्हटले होते की सुमारे २० टक्के दोषांमुळे ८० टक्के बिघाड होतात आणि अवघ्या १ टक्का दोषांमुळे निम्मे. तो १ टक्का कोणता, हे लोकांनी पाठवलेल्या रिपोर्टांवरूनच कळते. शिवाय डिचोलीतल्या जुन्या संगणकावर मराठी कीबोर्डाने जोडाक्षर टाइप करताना होणारा बिघाड परदेशातील विकसकाच्या टेबलावर कधी घडतच नाही. म्हणून रिपोर्ट पाठवताना दिसणाऱ्या टिप्पणीच्या चौकटीत आपण नेमके काय करत होतो ते दोन वाक्यांत लिहावे, कारण ते यंत्राला सांगता येत नाही. इंग्रजीत लिहिल्यास उत्तम, पण रिकामी चौकट पाठवण्यापेक्षा मराठी बरी.

पासवर्डाच्या भीतीत थोडे तथ्य आहे, हे मान्य करावे लागेल. रिपोर्टसोबत संगणकाच्या स्मृतीचा (मेमरीचा) काही भाग जातो आणि त्यात उघड्या पानावरचा मजकूर असू शकतो. विंडोजचे क्रॅश रिपोर्ट अमेरिकेची एनएसए ही गुप्तहेर संस्था वाटेतच टिपते, असे डेर श्पीगल या जर्मन साप्ताहिकाने २०१३ मध्ये उघड केले होते. पण एनएसएचा रोख संगणकातील कच्चे दुवे शोधण्यावर होता, आणि त्यावरचा उपाय रिपोर्ट कूटबद्ध करून पाठवणे हा आहे. फायरफॉक्स या ब्राउझरच्या रिपोर्टांतील स्मृतीचा भाग आणि पानाचे पत्ते सर्वांसाठी खुले नसतात. ते परवानगी असलेल्यांनाच दिसतात. बँकेचे पान उघडे असताना बिघाड झाला, तर तेवढा रिपोर्ट खुशाल वगळावा, आणि टिप्पणीत फोन किंवा खाते क्रमांक कधीच लिहू नये. ओटीपी तर काही मिनिटांत निरुपयोगी होतो.

नेटपॅकबद्दल फार लिहायला नको. गटांवर रोज येणाऱ्या व्हिडिओंपेक्षा हे रिपोर्ट कितीतरी लहान असतात.

ज्यांनी हा संदेश वाचून फायरफॉक्सचे रिपोर्ट रोखले असतील, त्यांनी पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट', कोलन आणि 'क्रॅशेस' हे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करावे. न पाठवलेले रिपोर्ट तिथे दिसतात आणि तिथूनच पाठवता येतात. पाठवल्यावर मिळणारा क्रमांक जपून ठेवावा. पुढे बगझिला या फायरफॉक्सचे दोष नोंदवण्याच्या संकेतस्थळावर तोच दोष नोंदवायचा झाल्यास त्या क्रमांकावरून विकसक थेट तुमच्या रिपोर्टपर्यंत पोहोचतो.