‘नैसर्गिक आहे, म्हणजे चालतं’: सापाच्या अंथरुणाबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

साप पाळणाऱ्यांमध्ये एक संदेश बरीच वर्षं फिरतो आहे. नव्याने साप आणलेल्याला कोणी ना कोणी तो पाठवतंच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पेटीच्या तळाला लाकडाचा कोणताही भुसा चालतो, कारण तो नैसर्गिक असतो, सीडर या सुवासिक लाकडाचा मिळाला तर उत्तमच, घाण वास येत नाही आणि माइट (सापाचं रक्त शोषणारे बारीक जीव) होत नाहीत. माती, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुगा) असलं सुटं काही घालू नका, साप ते गिळतो आणि आतडं तुंबून मरतो. वाळूच हवी असेल तर ‘पचणारी’ कॅल्शियमची घ्या. ओल म्हणजे रोग, तेव्हा सगळं कायम कोरडं ठेवा. आणि काहीच कळत नसेल तर कागद घाला, त्याहून सुरक्षित काही नाही.

यातलं कागदाचं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे, त्याकडे येईनच. पण सीडरचा सल्ला सरळ घातक आहे. पहिल्यांदा साप आणणारा माणूस हा संदेश वाचूनच खरेदीला जातो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सीडर उत्तम.’ सीडरचा जो वास आपल्याला हवाहवासा वाटतो, तो त्या लाकडातून उडणाऱ्या तेलांचा आणि रसायनांचा असतो. कीड आणि बुरशी यांच्यापासून स्वतःला वाचवायला झाड ती तयार करतं. कसर लागू नये म्हणून कपड्यांच्या पेटीत सीडरचे तुकडे ठेवतात ते याच गुणामुळे. आता सापाची बाजू पाहा. तो त्या भुशावर पोट टेकून दिवसरात्र पडलेला असतो. खालून किंवा वरून ऊब असते, त्यामुळे वाफा जास्तच निघतात. पेटी बंद असते आणि त्याला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. बहुतेक सापांचं एकच, उजवं फुप्फुस काम करतं (पायथन आणि बोआ यांना डावंही असतं, पण लहान). छाती आणि पोट यांच्यामधला पडदा त्यांना नसतो, त्यामुळे आपल्यासारखं खोकून आत साचलेलं बाहेर टाकता येत नाही. श्वासमार्गाचा दाह सुरू झाला की साप तोंड किंचित उघडं ठेवून, डोकं वर धरून बसतो, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो, नाकातोंडाशी बुडबुडे दिसतात. तोवर बराच उशीर झालेला असतो.

परिणाम फुप्फुसापुरताच राहतो असंही नाही. १९६७ साली औषधशास्त्रज्ञ एलियट व्हेसेल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की सीडर आणि पाइनसारख्या मऊ लाकडाच्या भुशावर ठेवलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या यकृतातली, औषधांचं विघटन करणारी एन्झाइम्स वाढतात. नुसत्या अंथरुणामुळे औषधाच्या चाचणीचा निकाल बदलत होता. ते प्रयोग उंदरांवरचे आहेत, सापांवरचे नाहीत, हे मान्य. पण अंथरुणातून निघणारा पदार्थ शरीरात शिरून यकृतापर्यंत पोचतो, एवढं त्यातून स्पष्ट होतं. मला तेवढं पुरेसं वाटतं.

आणि माइटचं काय? सापाला लागणारी माइट खवल्यांच्या खाली आणि डोळ्यांच्या कडेला दडते, अंडी फटींमध्ये घालते. सुवासिक भुशाने ती जात नाही. त्यासाठी पशुवैद्याने दिलेले उपचार लागतात, पेटी पूर्ण रिकामी करून धुवावी लागते. ज्या वाफेने माइटला त्रास व्हावा अशी अपेक्षा आहे, तीच वाफ साप चोवीस तास आत ओढत असतो, हे संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

इथेच आणखी एक सांगून ठेवतो. पिशवीवर ‘सीडर’ लिहिलेलं लाकूड पुष्कळदा ईस्टर्न रेड सीडर असतं, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते सीडर नसून जुनिपर हे वेगळंच झाड आहे. त्यामुळे ‘आमचं खरं सीडर नाही, म्हणून चालतं’ हा युक्तिवाद टिकत नाही. पिशवी उघडल्यावर लाकडाचा उग्र वास आला, तर ती सापासाठी नाही.

पाइनवर जाणत्यांमध्येही मतभेद आहेत. भट्टीत वाळवलेल्या पाइनमधली उडणारी तेलं बरीच कमी झालेली असतात आणि काहीजण तो वर्षानुवर्षं वापरतात. मी वापरत नाही, कारण अ‍ॅस्पनचा भुसा आहे. अ‍ॅस्पनला जवळजवळ वास नसतो, त्यात बोगदे टिकतात, कॉर्न स्नेक, किंग स्नेक, हॉगनोज त्यात आनंदाने घुसतात. त्याचा दोष एकच: ओला झाला की त्याला बुरशी लवकर येते. पाण्याचं भांडं सांडलं तर तो भाग त्याच दिवशी काढायला हवा.

‘सुटं अंथरूण गिळून साप मरतो.’ या भीतीने कितीतरी साप आयुष्यभर उघड्याबोडक्या तळावर राहतात, म्हणून जरा थांबून बोलतो. साप भक्ष्य अख्खं गिळतो. उंदराचे केस आणि नखं त्याच्या आतड्यातून न पचताच बाहेर पडतात. असं आतडं असलेल्या निरोगी सापाला भक्ष्याला चिकटून गेलेले चार-दोन तंतू सहसा भारी पडत नाहीत. आतडं तुंबतं तेव्हा बहुतेक वेळा मागे दुसरं काही असतं: पेटी थंड असते, म्हणून पचन मंदावलेलं असतं, सापाला पाणी कमी पडलेलं असतं, भक्ष्य त्याच्या मानाने फार मोठं असतं, किंवा तो आधीच आजारी असतो. अंथरूण बदललं आणि तापमान तसंच ठेवलं, तर मूळ दुखणं तिथेच राहतं.

धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. काही पदार्थ खरंच टाळावेत. मक्याच्या कणसाचा भरडा पाणी शोषून फुगतो आणि बुरसटतो. अक्रोडाच्या कवचाचा चुरा धारदार असतो. बारीक धुळीसारखं कोरडं कोकोपीट ओल्या भक्ष्याला लपेटून बसतं आणि हिरड्यांत अडकलेला कण तोंडात जखम करू शकतो. उपाय साधा आहे. भक्ष्य पुसून कोरडं करायचं, चिमट्याने धरून द्यायचं, खाली एखादी सपाट फरशी ठेवायची. त्यासाठी मातीच बंद करायची गरज नाही. मांडुळाच्या कुळातले सँड बोआ किंवा हॉगनोज यांच्यासाठी उकरणं, घुसणं, मातीत गाडून घेणं हेच जगणं आहे. लपायला जागा नसलेला साप घाबरलेला राहतो, आणि घाबरलेला साप खाणं सोडतो. वाळू मिसळलेली, खत किंवा कीटकनाशक नसलेली साधी माती अशा सापांना छान मानवते.

‘कॅल्शियमची वाळू पचते.’ ती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ओलसर झाली की तिचे गोळे होतात आणि पोटातल्या आम्लाचा जोर ती कमी करते. शिवाय सापाला वेगळं कॅल्शियम हवंच कशाला? भक्ष्याच्या हाडांतून ते त्याला मिळतंच. हा मुद्दा इथेच संपतो.

‘ओल म्हणजे रोग.’ पोटाखाली सतत चिखल असेल, त्यात विष्ठा तशीच पडून असेल, तर पोटाच्या खवल्यांना फोड येतात आणि ते सडतात, हे खरं. पण कोरडेपणाही तितकाच छळतो. हवा कोरडी असली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरचे पारदर्शक पापुद्रे तसेच राहतात, शेपटीच्या टोकाला अडकलेलं कातीचं कडं आवळून रक्तपुरवठा तोडतं. कॉर्न स्नेकला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते, बॉल पायथनला ६० ते ८० टक्के लागते. दोघांना एकच नियम कसा लावणार?

माझा बॉल पायथन सुरुवातीला कागदावर होता. प्रत्येक वेळी कात फाटून यायची, मला कोमट ओल्या फडक्यातून त्याला फिरवावं लागायचं आणि तो वैतागायचा. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट यांचा जाड थर घातल्यावर कात डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध निघाली. यात युक्ती एवढीच की पाणी वरून शिंपडण्याऐवजी कोपऱ्यांतून तळाशी ओतायचं. खालचा थर दमट राहतो, वरचा हाताला कोरडा लागतो, म्हणजे हवेत ओलावा असतो आणि पोट मात्र कोरडं असतं. मूठभर घेऊन दाबल्यावर पाणी ठिबकलं तर ते जास्त झालं. हवा खेळती हवी, नाहीतर पेटी कोंदटते. कोरड्या जातींसाठी एका बंद डबीला भोक पाडून आत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) ठेवलं तरी कात टाकण्यापुरती सोय होते.

‘कागदच सर्वांत सुरक्षित.’ नव्याने आणलेला साप वेगळा ठेवताना, शस्त्रक्रियेनंतर, माइटची शंका असताना मीही कागदच घालतो. पांढऱ्या कागदावर काळी माइट लगेच दिसते, विष्ठेचा रंग कळतो, जखमेला काही चिकटत नाही. आजारपणात त्याला तोड नाही. पण दमटपणा तो धरून ठेवत नाही आणि उकरणाऱ्या सापाला त्यात काही करता येत नाही. दवाखान्यातली खाट बरी असते, म्हणून कोणी तिच्यावर जन्म काढत नाही.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट म्हणजे उष्णता. पेटीखाली हीट मॅट (विजेवर तापणारी सपाट चटई) असेल, तर तिच्यावर टाकलेला जाड थर ऊब अडवतो. वर थंड लागतं म्हणून माणूस मॅट वाढवतो, खालची काच तापत जाते, आणि ऊब शोधत खाली घुसलेला साप पोट भाजून घेतो. थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या यंत्राशिवाय) मॅट लावूच नये आणि तापमान भुशाच्या वर न मोजता, साप जिथपर्यंत पोचू शकतो त्या तळाशी मोजावं. जाड थर हवाच असेल तर ऊब वरून द्यावी.

आत्ता ज्यांच्या पेटीत सीडर आहे, त्यांनी तो आजच काढावा. पेटी पुसून, वारा लागू देऊन मग साधा कागद घालावा. लाकडी आडोसाही त्याच वासाचा असेल तर तोही बाहेर. पुढचे काही आठवडे सापाचा श्वास ऐकत राहा, आणि आवाज येत असेल, तोंडाशी फेस दिसत असेल किंवा त्याने खाणं थांबवलं असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. जाताना त्या भुशाची चिमूटभर पुडीही बरोबर ठेवा.