पाव्हणं म्हणून सांगा म्हणे!

पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी गाडी भाड्यानं चालवायची नाही, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी ॲपवरून टॅक्सी मागवली की दारात पांढरी पाटीच. फोटो एकाचा, स्टेअरिंगवर भलताच. परवा आईला घेऊन उजळाईवाडीला विमानतळावर निघालो, तर गडी म्हणतो, "दादा, तुम्ही पुढं बसा. कावळा नाक्यावर कुणी अडवलं तर पाव्हणं म्हणून सांगा." म्हणजे पैसे मोजायचे मी, वर खोटंही मीच बोलायचं! आई मागून विचारतेय, "कुणाकडचा रे हा?"

आता त्या पोरावर तरी किती चिडायचं? गाडीचा हप्ता त्याच्या डोक्यावर, कमिशन कंपनीच्या खिशात. सापडला तर विनापरमिट म्हणून पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड, गाडी अडकली ती वेगळीच. पण त्याची गाडी ज्यांनी ॲपवर घेतली, भाडं ज्यांनी लावून दिलं, त्यांच्यातला एक तरी माणूस कधी नाक्यावर सापडलाय का? तपासणी लागली की धरायचं कुणाला, तर हाताला लागेल त्याला!

कायदा नाही असंही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम ९३ मध्ये या ॲप कंपन्या आल्या, त्यांनाही परवाना लागतो. नसला तर दंड किती? कमीत कमी २५ हजार, जास्तीत जास्त १ लाख. एवढे तर कंपनी चहापाण्याच्या खर्चात दाखवेल. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, १६ तारखेपर्यंत परवान्यासाठी अर्ज करा. अहो, साधा अर्ज करायला कोर्टानं दटावायचं! आणि सीबीएस बसस्थानकाच्या स्टॉपवरच्या रिक्षावाल्यानं मात्र बॅज, परमिट, फिटनेस सगळं काढून उन्हात गिऱ्हाईकाची वाट बघत बसायचं.

उद्या हायवेला अपघात झाला तर? खासगी गाडीचा विमा भाड्याच्या प्रवाशासाठी नसतो. विमावाले हात वर करणार. कंपनी म्हणणार, चालक आमचा नोकर नाही, आम्ही फक्त ॲप चालवतो. मग दवाखान्याचं बिल घेऊन मी कुणाच्या दारात जाऊ?

गाडी खासगी की भाड्याची, हे नंबर टाकला की सरकारी ॲपवर कुणालाही दिसतं. मला घरबसल्या दिसतंय, आणि कोट्यवधींचा धंदा करणाऱ्यांना गाडी घेताना दिसत नाही? दिसतंय की चांगलं! एकेका पांढऱ्या पाटीमागं कंपनीला नोटीस काढा, गाड्या जप्त करण्याआधी त्यांचं ॲप बंद पाडा, मग बघा कसा एका आठवड्यात सगळ्यांना नियम पाठ होतो.

घरी येऊन तक्रार करायला बसलो. पर्याय काय, तर गाडी अस्वच्छ होती, एसी बंद होता, चालक उद्धट होता. गाडी बेकायदा होती, हा पर्यायच नाही. ठेवतील कशाला!