‘पोरं टिकत नाहीत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींतल्या आणि जालन्याच्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ‘मराठवाड्यातल्या पोरांवर खर्च करू नका. शिकवलं की पुण्याला पळतात. त्यांना फक्त पैसा दिसतो. सुट्या फार. बढती दिली तरी थांबत नाहीत. बाँड (मुदतीआधी नोकरी सोडली तर भरपाई देईन असा करार) लिहून घ्या, ओरिजिनल मार्कशीट जमा करून घ्या. आता तर सुप्रीम कोर्टानंही बाँड मान्य केलाय.’

मी वाळूजच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागातच काम करत आलोय. या मेसेजमागचा वैताग मला कळतो. तयार केलेला सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा कारागीर, ऐन माल पाठवायच्या आठवड्यात निघून गेला की लाइन थांबते आणि ग्राहकाचे फोन मालकालाच घ्यावे लागतात. पण मेसेजमधला एकेक दावा तपासला तर निदानही चुकलंय आणि औषध तर रोग वाढवणारं आहे.

‘शिकवलं की पळतात’ हा दावा सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्येच प्रशिक्षणाचे दोन प्रकार वेगळे केले होते. एक कुठल्याही कारखान्यात चालणारं: ड्रॉइंग वाचणं, व्हीएमसीचं (संगणकावर चालणाऱ्या कटाई मशीनचं) सेटिंग, मोजमापाची साधनं नीट हाताळणं. दुसरं फक्त तुमच्याकडेच कामाला येणारं: तुमची फिक्स्चर (मशीनवर पार्ट पकडून ठेवणारे साचे), तुमच्या ग्राहकाच्या अटी, तुमच्या जुन्या मशीनची तऱ्हा. पहिल्या प्रकारच्या कसबाची किंमत शिकणारा स्वतःच मोजतो, कारण शिकण्याच्या काळात तो कमी पगारावर राबतो. शिकून झालं की त्याला बाजारभाव द्यावा लागतो. तुम्ही दिला नाही तर शेजारचा देतो. म्हणजे माणूस जातो तो शिकल्यावरही जुन्याच पगारावर ठेवल्यामुळे.

आपल्याकडे हे रोज घडतं. आयटीआय झालेला मुलगा ट्रेनी म्हणून लागतो. वर्ष-दीड वर्षात तो एकटा दोन मशीन सांभाळतो, टूल बदलतो, मशीनला टूलच्या मापाची दुरुस्ती (ऑफसेट) देतो, पहिला पीस पास करून घेतो. पगाराची स्लिप मात्र अजून ठेकेदाराची आणि हुद्दा ‘हेल्पर’. शॉपवर स्किल मॅट्रिक्सचा, म्हणजे कोणाला कोणतं काम किती येतं हे दाखवणारा, तक्ता लावलेला असतो. चार भागांच्या वर्तुळात त्याचे तीन भाग भरलेले असतात, म्हणजे हा मुलगा स्वतंत्रपणे काम करू शकतो असं कंपनीनंच लिहून दिलेलं असतं. तो तक्ता ग्राहकाच्या ऑडिटरला दाखवला जातो आणि पगार ठरवताना कोणी त्याच्याकडे बघत नाही. त्या मुलाला तक्ता वाचता येतो. वर्तुळाचा एक भाग भरला की ग्रेड आणि पगार त्याच महिन्यात बदलायचा, हा नियम कुठल्याही लहान कारखान्याला परवडतो, कारण नवा माणूस शोधणं, त्याला शिकवणं आणि तोवर निघणारा नापास माल हे सगळं त्याहून महाग पडतं.

आणि ‘मराठवाड्यातली पोरं’ या शब्दांना मी ठामपणे हरकत घेतो. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्या पिढीत गंगापूर, पैठण, वैजापूरच्या गावांतून येऊन कंपन्यांत लागलेली किती तरी माणसं तिथूनच निवृत्त झाली. त्यांच्या हातात कायम नोकरीचं पत्र होतं. आजच्या मुलाच्या हातात अकरा महिन्यांच्या कंत्राटाचा कागद आहे. माती तीच आहे, कागद बदललाय.

‘त्यांना फक्त पैसा दिसतो’ हा पुढचा दावा. पैसा दिसायलाच हवा. घरी बहिणीचं लग्न असतं, सोसायटीचं कर्ज असतं. पण नुसत्या पैशाचा हिशेब मांडला तर पुण्याजवळच्या चाकणला जाणं बऱ्याचदा परवडतच नाही. इथे तो घरचं जेवून कंपनीच्या बसनं येतो. तिकडे चार-पाच हजार जास्त मिळाले तर खोलीभाडं, मेस आणि गावाकडच्या फेऱ्या त्यातले बहुतेक खाऊन टाकतात. तरी तो जातो. राजीनाम्याच्या वेळी ‘पैसा’ असं सांगतो, कारण त्या कारणानं कोणाचं मन दुखत नाही. नंतर मोकळेपणी बोलला की खरं बाहेर येतं: परमनंट कधी करणार हे कोणी सांगतच नव्हतं, सुपरवायझर सगळ्यांसमोर आईबहिणीवरून बोलायचा, सोयरीक जमवताना मुलीकडचे ‘कंपनीत आहे की ठेकेदाराकडे?’ असं विचारायचे. हे सगळं तो कामावर असतानाच विचारता येतं. जाताना विचारून फक्त फाइल भरते.

हेन्री फोर्डचं उदाहरण इथे बरेच जण देतात, पण अर्धं. १९१३ मध्ये त्यांच्या कारखान्यात कामगार गळती वर्षाला ३७० टक्के होती. सुमारे १४ हजारांचा पट राखायला ५२ हजारांवर माणसं भरावी लागत. जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर जाहीर झाले, पाळी नऊवरून आठ तासांवर आली आणि १९१५ पर्यंत गळती १६ टक्क्यांवर उतरली. पण त्याआधी, ऑक्टोबर १९१३ मध्येच, फोरमनचा माणसाला वाटेल तेव्हा काढून टाकण्याचा अधिकार काढून घेतला गेला होता आणि पगाराच्या असंख्य श्रेणींचा गुंता सोडवून मोजक्या श्रेणी केल्या होत्या. पैसा वाढला तो या सुधारणेच्या पाठोपाठ.

सुट्यांबद्दल थोडक्यात. पेरणी जूनमध्ये येते, सोयाबीनची काढणी दसरा-दिवाळीच्या सुमारास. तारीख पावसाप्रमाणे मागेपुढे होते, महिना बदलत नाही. मेमध्येच कोणाला कधी जायचंय हे विचारून पाळ्या लावल्या तर निम्म्याहून जास्त गैरहजेरी ‘अचानक’ राहत नाही.

‘बढती दिली तरी थांबत नाहीत.’ बढती म्हणजे काय दिलं, ते बघा. उत्तम सेटरला सुपरवायझर केलं. अनेक ठिकाणी त्याच दिवशी त्याचा ओव्हरटाइम बंद होतो, म्हणजे घरी नेण्याची रक्कम उलट कमी होते. पंचवीस माणसं कशी सांभाळायची हे कोणी शिकवलेलं नसतं. काल त्याच्याबरोबर डबा खाणाऱ्यांना आज तो रागावतो. गॅलप ही अमेरिकेतली सर्वेक्षण संस्था सांगते की कामात मन गुंतण्यात एका टीमपासून दुसऱ्या टीमपर्यंत जो फरक दिसतो, त्याचा किमान ७० टक्के भाग थेट वरिष्ठामुळे पडतो. अशा जागेवर न शिकवता माणूस बसवला तर तोही जातो आणि त्याच्या हाताखालचेही. ज्याचा जीव मशीनमध्ये आहे, त्याला मशीनवरच राहून वर चढता यावं. ज्येष्ठ सेटर, मग प्रशिक्षक अशा पायऱ्या करा आणि पगार सुपरवायझरच्या बरोबरीचा ठेवा.

आता बाँड. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांचा बाँड आणि दोन लाख रुपयांची भरपाई वैध ठरवली, हे खरं आहे. पण ती सरकारी बँक होती, पद व्यवस्थापक दर्जाचं होतं आणि रीतसर जाहिरात देऊन करायच्या भरतीचा खर्च न्यायालयानं विचारात घेतला. ‘काहीही लिहून घ्या’ असा त्याचा अर्थ होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवीच असावी लागते, आणि नोकरी सोडल्यावर दुसरीकडे कामच करू नये अशी अट कलम २७ खाली सर्वसाधारणपणे टिकत नाही. मार्कशीट ठेवून घेण्याचा तर या निकालाशी संबंधच नाही. ते कागद त्या मुलाचे आहेत. ज्या कारखान्यात आत जातानाच कागद गहाण पडतात, तिथे ज्याला दुसरीकडे काम मिळू शकतं तो पाऊलच ठेवत नाही. उरतात ते ज्यांना पर्याय नाही. मालकाला हवी आहेत ती हुशार माणसं, आणि हा नियम त्यांनाच फाटकाबाहेर ठेवतो.

काही जण तरीही जातील. त्यांचा हिशेब वेळेत करा; राजीनाम्यानंतर राहिलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं असं वेतन संहितेतच लिहिलंय. अनुभवाचं पत्र त्याच दिवशी हातात द्या. आई-वडील थकले, लेकरू शाळेत घालायचं झालं की पुण्याहून परत यायचा विचार करणारे खूप असतात, आणि तेव्हा ते जुन्या सुपरवायझरला फोन करतात. ज्याचं पत्र महिनोन्‌महिने अडवलं होतं तो करत नाही, आणि गावातल्या दुसऱ्या मुलालाही त्या कंपनीत जाऊ नको म्हणून सांगतो.