नुसतं 'मम' म्हणा

पूजेला बसलेला यजमान गुरुजींना मध्येच थांबवून विचारतो का, की आत्ता मी नेमका कसला संकल्प सोडला? नाही विचारत. पळीभर पाणी ताम्हनात सोडतो, 'मम' म्हणतो आणि शिऱ्याच्या वासाकडे लक्ष देतो. मोबाइलवरच्या अटी व शर्तींपुढे आपणही हीच परंपरा चालवायची आहे. चौकोन दिसला की खूण करा, 'मान्य आहे' दाबा. मम.

सल्ला अनुभवातून देतोय. यंदा गणपतीला कुडाळला जायची तीन तिकिटं मी एका अ‍ॅपवर महिनाभर आधी काढून ठेवली होती. स्लीपर, खालचे बर्थ, 4,350 रुपये. गाडी रात्री नऊची. पावणेआठला मेसेज आला: 'तांत्रिक कारणामुळे आपली फेरी रद्द झाली आहे.' तोवर मोदकाच्या पिठीसकट बॅगा दारात येऊन बसल्या होत्या. सवाआठला मेव्हण्याच्या फोनवर त्याच अ‍ॅपवर त्याच ट्रॅव्हल्सची नऊची गाडी दिसत होती. एका बर्थचे 3,200 रुपये. काय ते तांत्रिक कारण समजलं.

पैसे? मिळाले की परत! अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये. नव्वद दिवसांत संपवायचे, एका तिकिटामागे दोनशेच वापरायचे. कन्व्हिनिअन्स फी वजा करून, कारण सोय तर झालीच होती, फक्त त्यांची. आम्ही स्वारगेटहून जादा एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून गेलो. कंबर अजून दुखते.

तेव्हा मुख्य सल्ला असा, की अटी वाचू नका. वाचून त्या बदलत नाहीत, झोप मात्र जाते. मी परतीच्या प्रवासात वाचल्या. अंगठा दुखेपर्यंत वर सरकवल्या, सगळ्या इंग्रजीत. त्यातून कळलं ते असं: अ‍ॅप हे फक्त माध्यम आहे, गाडीची जबाबदारी ट्रॅव्हल्सची. (ट्रॅव्हल्सवाला म्हणतो, बुकिंग अ‍ॅपचं, त्यांना विचारा.) कंपनी अटी केव्हाही, न कळवता बदलू शकते आणि आपण अ‍ॅप वापरत राहिलो की त्या बदलांनाही आपला होकार. म्हणजे ज्या अटी अजून लिहिल्याच गेल्या नाहीत, त्याही मी मान्य करून बसलोय! वाद झाला तर लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी निवाडा देणारा माणूस, नेमणार कंपनी, बसणार गुरुग्रामला. कुडाळचा माणूस, पुण्याची गाडी, भांडण गुरुग्रामला.

विम्याच्या चौकोनात आधीच खूण केलेली असेल, तर आभार माना. तेवढेच तुमचे कष्ट वाचले.

आणि ती काढलीच, तर 'नाही, मी कुटुंबाला असुरक्षित ठेवतो' असं काहीतरी दाबावं लागतं, ते निमूट दाबा. अशा लाज आणणाऱ्या बटणांना केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई केली आहे. एकूण 13 प्रकारच्या लबाड्यांची यादी आहे त्यात. आधीच केलेली खूण म्हणजे ग्राहकाची संमती नव्हे, हे तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांतच आहे. पण नियम वाचायचे नाहीत, असं आपलं ठरलंय.

फुकट चाचणी मिळाली की जरूर घ्या. अमेरिकेत एका माणसाची बायको डिस्नेच्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये जेवल्यानंतर अ‍ॅलर्जीने गेली. त्याने दावा लावला, तर डिस्नेचं 2024 मधलं उत्तर काय? तुम्ही 2019 मध्ये घरबसल्या सिनेमे दाखवणाऱ्या आमच्या डिस्ने प्लस सेवेची महिनाभराची चाचणी घेतली होती, त्या अटींनुसार कोर्टात नाही, लवादाकडे जा. बोभाटा झाल्यावर हा मुद्दा मागे घेतला. लाज वाटून घेतला, कोर्टाने हाणून पाडल्यामुळे नव्हे.

कस्टमर केअरशी बोलताना आवाज चढवू नका. ती मुलगी बिचारी समोरच्या पडद्यावरचं वाचते. "सर, आपण अटी मान्य केल्या आहेत." मी विचारलं, गाडी न आणायची अट कुठली? "सर, आपण अटी मान्य केल्या आहेत." बाई, पण... "आणखी काही मदत करू शकते का, सर?"

आणखी?

या एका वाक्यावर हे सगळं उभं आहे. तुम्ही क्लिक केलंत, संपलं. आणि आपल्यालाही ते पटतं, हीच खरी गंमत. कायद्यालाही ते इतकं पटत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10अ एवढंच सांगतं, की करार निव्वळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून तो बाद ठरत नाही. म्हणजे क्लिक ही सही झाली, कबूल. पण जे सहीने होत नाही, ते क्लिकने कसं होईल? सही करण्यावाचून पर्यायच नव्हता आणि अटी अन्यायकारक आहेत, असा छापील करार आम्ही राबवणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1986 सालीच सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट या सरकारी कंपनीच्या खटल्यात सांगितलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' असा शब्दच आहे, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याचा हक्क स्वतःकडे ठेवणं हे त्यात नाव घेऊन येतं. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे 2018 मध्ये एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात ठरलंय. आणि तक्रार आपल्या राहत्या ठिकाणी करता येते. गुरुग्राम गेलं उडत.

आपल्याकडे हे सगळं एकदा होऊन गेलंय हो! आजही आपल्या क्लिकला लागू असलेला करार कायदा 1872 चा. त्यानंतर तीनच वर्षांनी, 12 मे 1875 ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः हवे होते कर्जरोखे. मिळाले ते जाळले. वर काय लिहिलंय ते न कळता अंगठा उठवायचा, आणि कोर्टाने अंगठा बघून हुकूमनामा द्यायचा, हा खेळ किती वर्षं चालला होता! त्यातून 1879 चा डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा, आला. नुसता रोखा बघू नका, मूळ व्यवहार काय होता ते खोदून काढा, असं कोर्टांना सांगावं लागलं. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा अशी सोय झाली. त्या माणसांना अक्षरओळख नव्हती. आपण पदव्या भिंतीवर लावतो आणि अंगठाच उठवतो, तोही काचेवर.

आता उपरोध पुरे झाला. कंपनीवाल्यांनो, गाडी आणली नाहीत, तर पैसे ज्या खात्यातून घेतलेत त्याच खात्यात टाका. सगळे, आणि ती फी सुद्धा. तुमचं कलम सतरा पॉइंट चार घाला चुलीत. करार करार म्हणता, तर करारात तुमच्या बाजूने एक गोष्ट होती: रात्री नऊला एक बस.

आणि तुम्ही, हे वाचून 'अगदी अगदी' म्हणणारे. चार हजारांसाठी कोण कोर्टकचेऱ्या करणार, असं म्हणून सोडून दिलेत ना मागच्या वेळी? मीही दिले होते, दोनदा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही, वकील लागत नाही, घरबसल्या अर्ज करता येतो. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करायला तर एसटीच्या शेवटच्या बाकावरूनही जमतं. माझा अर्ज गेला. तुमच्या वॉलेटांत किती पडलेत आणि कोणत्या तारखेला बाद होणार आहेत, ते उघडून बघा आधी.