शंभरपर्यंत येतं, म्हणजे पहिलीची तयारी झाली?

सांगली-मिरजेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मुलाला शंभरपर्यंत अंक आणि बाराखडी लिहिता येत असेल तर पाचव्या वर्षीच पहिलीत घाला, एक वर्ष वाचेल. येत नसेल तर मागे ठेवा.’ मी बालवाडी चालवते. हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

आधी शंभरपर्यंतचे अंक. परवा पाच वर्षांचा एक मुलगा एका दमात शंभरपर्यंत म्हणून गेला. आई खूश. मी चिंचोक्यांची परडी पुढे केली, म्हटलं, ‘मला सात दे.’ त्यानं मूठभर उचलून माझ्या हातावर ठेवले. मोजलेच नाहीत. एक ते शंभर हे त्याच्या लेखी बडबडगीत होतं. त्यात मराठीत ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी येतात आणि लिहिताना दोन. म्हणून मुलं ३२ लिहून बसतात. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण अडचण खरीच होती. पाठांतरावरून इयत्ता ठरवू नका.

बाराखडी लिहिण्याचं म्हणाल, तर मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः कूर्चेचीच, म्हणजे मऊच, असतात. पाचव्या-सहाव्या वर्षीही ती पुरती पक्की झालेली नसतात. या वयात कणीक मळू दे, शेंगा सोलू दे, सदऱ्याची बटणं स्वतः लावू दे. पेन्सिल दाबून बोटं पांढरी पडलेली लेकरं बघवत नाहीत हो.

वर्ष वाचतं? शिक्षणहक्क कायदा शाळेचं वय सहा पूर्ण झाल्यापासून मोजतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा आहे, पहिली-दुसरी धरून. मग पाचव्या वर्षी घाई करून वाचतं काय?

आणि ‘मागे ठेवा’ हे तर साफ चूक. ऊसतोडीच्या फडावरून आलेली एक मुलगी, सहा पूर्ण, पेन्सिल कधी धरलेली नाही. तिलाही सात चिंचोके मागितले. तिनं एकेक मोजून दिले, मग परडीत बघून म्हणाली, ‘बाई, आठ पायजेत तर अजून एकच लागंल.’ तिच्या आईला घेऊन मी त्याच आठवड्यात पहिलीत प्रवेश घ्यायला गेले.