मायक्रोब्लेडिंग हे गोंदणच आहे

‘मायक्रोब्लेडिंग म्हणजे टॅटू नव्हे. मशीन नाही, रंग सेंद्रिय, तोही फक्त वरच्या त्वचेत. वर्ष-दीड वर्षात आपोआप निघून जातो.’ लग्नसराई आली की पार्लरच्या जाहिरातींतून हा मजकूर फिरायला लागतो आणि मुली त्यावर विसंबून केसांसारख्या बारीक रंगीत रेघांच्या भुवया त्वचेत कोरून घेतात; यालाच मायक्रोब्लेडिंग म्हणतात.

मशीनचं आधी. टॅटूच्या विजेच्या यंत्राचं पेटंट सॅम्युअल ओरायली यांनी न्यूयॉर्कमध्ये घेतलं ते १८९१ साली. आपल्याकडच्या गोंदणाऱ्या बाया त्याच्या कितीतरी आधीपासून सुयांची जुडी हातात धरून कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदत होत्या. मायक्रोब्लेडिंगचं ‘ब्लेड’ जवळून बघा: बारीक सुया एका तिरप्या ओळीत बसवलेल्या असतात. ती ओळ केसासारखी ओढायची, रक्ताचे टिपूस पुसायचे, चिरेत रंग भरायचा. मग वेगळं काय उरलं?

‘वरच्या त्वचेत’ हा दावा सगळ्यांत फसवा. वरची त्वचा साधारण महिन्याभरात झडून नवी येते. रंग तिथेच असता तर तोही तेवढ्यात गेला असता. तो टिकतो, कारण सुई खालच्या थरात, डर्मिसमध्ये पोचते आणि तिथल्या पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात. नेहमीच्या टॅटूपेक्षा हा रंग उथळ आणि कमी भरतात, म्हणून लवकर फिकट होतो, हे मान्य. पण फिकट होणं म्हणजे जाणं नव्हे. कित्येकींच्या भुवयांवर काही वर्षांनीही लालसर किंवा निळसर-करडी छटा उरलेली असते.

सेंद्रिय म्हणाल, तर तपकिरी छटा बहुधा आयर्न ऑक्साइडच्या असतात, म्हणजे गेरूच्या जातीचं खनिज. काळा बहुतेकदा कार्बनचा, गोंदणातल्या काजळीसारखाच. आणि ‘नाही आवडलं तर लेझर आहेच’ म्हणणारे एक गोष्ट सांगत नाहीत: आयर्न ऑक्साइड किंवा पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड असलेला रंग लेझरने उडण्याऐवजी काळा पडू शकतो. तोही ऐन चेहऱ्यावर.

केमोथेरपीने किंवा चाईने भुवया गेलेल्यांना या कलेने मोठा आधार दिला आहे. माझा विरोध कलेला नाहीच. पण टॅटू नाही म्हटलं, की टॅटूची काळजीही सुटते. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी आणि सी इथेही पसरू शकतो. म्हणून सुयांचं सीलबंद पाकीट समोर फोडायला लावा. वण जाड होत असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि रक्तदानाच्या फॉर्मवर टॅटूबद्दल विचारलं, तर ‘हो’ लिहून तारीखही सांगा.